पुण्याच्या का तुम्ही?

पुण्यात वेंकीजचं नाव कोणाला ठाऊक नाही? चिकनच्या दुकानातल्या फ्रीजरवर ते असतं, नगेट्सच्या पाकिटावर असतं. ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ऐकत आमची अख्खी पिढी मोठी झाली. ती जाहिरात ज्या अंडी समन्वय समितीची, तीही याच घराण्यातल्या बी. व्ही. रावांनी उभी केलेली. पण या लोकांच्या मालकीचा इंग्लंडमध्ये एक फुटबॉल क्लब आहे, हे चार पुणेकरांना विचारून बघा. तिघे म्हणतील, “काय सांगता!” चौथा म्हणेल, “हो, माहितीय, विकला ना तो?”

विकला नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब त्यांच्याकडेच राहिला आहे. आणि ब्लॅकबर्नमध्ये मात्र पुणं सगळ्यांना ठाऊक आहे. लँकशायरमधलं लाख-सव्वा लाख वस्तीचं हे गाव. तिथल्या शाळकरी पोरालाही आपल्या शहराचं नाव येतं, आणि ते शनिवारवाड्यामुळे किंवा बाकरवडीमुळे नव्हे.

२०१६-१७ मध्ये मी कामासाठी मँचेस्टरला होते. तिथे गेलं की लोक पहिल्या आठवड्यात विचारतात, लाल की निळे? म्हणजे युनायटेड की सिटी. मला दोन्हींबद्दल काही वाटत नव्हतं. ऑफिसात कोणीतरी गमतीत म्हणालं, तू पुण्याची, मग तुझा क्लब ब्लॅकबर्नच. मी ते मनावर घेतलं. व्हिक्टोरिया स्टेशनवरून बोल्टन, डार्वेन करत गाडी तासाभरात तिथे पोचते, एवढाच सुरुवातीला विचार होता. आणि नेमका तो त्यांचा सगळ्यात वाईट हंगाम निघाला.

वाईट म्हणजे किती वाईट, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. हा क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग ज्या बारा क्लबांनी सुरू केली, त्यांतला एक. एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा, सहा वेळा जिंकलेला, त्यातले पाच तर एकोणिसाव्या शतकात. मग बराच काळ उतरंड. १९९० नंतर जॅक वॉकर नावाचा गावातलाच पोलादाचा व्यापारी पुढे आला. त्याने आपला धंदा ३३ कोटी पौंडांना विकला होता आणि लहानपणापासूनचं वेड म्हणून तो क्लबवर पैसा ओतू लागला. केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, गोल करण्यात पटाईत ॲलन शिअररला आणलं, आणि १९९५ साली ब्लॅकबर्न प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सर्वांत वरची श्रेणी, जिंकलं. शेवटच्या दिवशी ते लिव्हरपूलकडून हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरी सोडवता आली नाही, म्हणून करंडक ब्लॅकबर्नला. शेवटच्या दिवशीची ही दुसऱ्यांच्या मैदानावरची गणितं त्या गावाच्या पत्रिकेतच लिहिलेली असावीत.

वॉकर २००० साली गेला. पुढची दहा वर्षं त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टने क्लब सांभाळला आणि मग पुण्याला विकला.

पुढचं सगळं सांगत बसले तर लेख संपायचा नाही. विकत घेऊन महिना व्हायच्या आत, संघ तेराव्या क्रमांकावर असताना, सॅम ॲलरडाइस या अनुभवी मॅनेजरला काढलं. त्याच्या जागी हाताखालच्या स्टीव्ह कीनला बसवलं. रोनाल्डिन्होला आणायच्या गोष्टी झाल्या. २०११ मध्ये संघ पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीला ३-० ने हरवून गेला. त्याच सुमारास ती टीव्हीवरची जाहिरात आली: ड्रेसिंग रूममध्ये बसून रोव्हर्सचे खेळाडू चिकन खाताहेत. आपल्याकडे असल्या जाहिरातीकडे कोणी ढुंकून बघत नाही, क्रिकेटपटू सिमेंटपासून बनियनपर्यंत सगळं विकतात. पण ब्लॅकबर्नमध्ये माणसं आजही त्या जाहिरातीचा विषय निघाला की डोळे मिटून घेतात. ७ मे २०१२ ला भर पावसात घरच्या मैदानावर विगनकडून १-० ने हरून ते प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या सामन्यात प्रेक्षकांतून कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात मॅनेजर एवढे बदलले की हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला आणि मायकल ॲपलटन ६७.

मालकांनी पैसा दिला नाही असं मात्र कोणी म्हणू शकत नाही. वर्षामागून वर्ष कोट्यवधी पौंडांचा तोटा तेच भरत आले. पुढे २०२३ च्या सुमारास इथल्या तपासयंत्रणांच्या चौकशीमुळे पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागायला लागली, तरी पैसे जातच राहिले. म्हणजे कंजूषपणाचा आरोप टिकत नाही. मला वाटतं, चूक वेगळी होती. अंड्याच्या धंद्यात ज्यांनी प्रत्येक पायरी स्वतः शिकून घेतली, त्यांनी फुटबॉलमध्ये ती कोणाला येते हेही नीट विचारलं नाही.

तर, २०१६ चा ऑगस्ट. मॅनेजर नवा, ओवेन कॉइल. याची आधीची मोठी ओळख काय, तर तो बर्नलीचा मॅनेजर होता. बर्नली हे शेजारचं गाव, पंधरा-वीस किलोमीटरवर, आणि दोन्ही गावांचं एकमेकांशी हाडवैर. पोटापाण्यासाठी माणूस कुठेही काम करतो हे मान्य, पण ब्लॅकबर्नवाल्यांना ते मान्य नव्हतं. त्यात बर्नली त्याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये बढती मिळवून बसलेलं. पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर नॉर्विचने ४-१ ने धुतलं. मग कार्डिफला गेले. तिथे शेन डफी या भरवशाच्या बचावपटूने आपल्याच जाळ्यात चेंडू मारला. एकदा नाही, दोनदा. वर लाल कार्ड घेऊन बाहेर. कार्डिफ जिंकलं २-१, दोन्ही गोल आमच्याच माणसाचे. महिना संपायच्या आत डफीला ब्रायटनला विकून टाकलं. आणि दुसरा बचावपटू ग्रँट हॅन्ली न्यूकॅसलला गेला. स्वयंगोल करणाराही गेला आणि न करणाराही गेला, बचाव सांभाळायला कोण उरलं हे विचारू नका.

आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण आयपीएलच्या सवयीने ती लक्षात येत नाही. इंग्लंडमध्ये खाली पडता येतं. चॅम्पियनशिप, म्हणजे दुसरी श्रेणी, हिच्यात २४ संघ. प्रत्येकाचे ४६ सामने. शेवटचे तीन सरळ खालच्या श्रेणीत. लिलाव नाही, पुढच्या वर्षी नव्याने सुरुवात नाही. खाली गेलात की टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू निघून जातात आणि तुमच्या गावात अशा संघांचे पाहुणे येतात ज्यांची नावं तुम्ही फक्त निकालांच्या यादीत वाचलेली असतात. खालून परत वर यायला कधी एक वर्ष लागतं, कधी वीस, कधी येतच नाहीत.

हिवाळाभर रोव्हर्स तळाशीच होते. ईवुड पार्क या त्यांच्या मैदानाची क्षमता ३१ हजारांवर, आत माणसं बारा-तेरा हजार. समर्थकांनी निषेधाची एक रीत काढली होती: अठराव्या मिनिटाला आत यायचं आणि पंच्याहत्तराव्या मिनिटाला उठून जायचं. १८ आणि ७५, क्लबच्या स्थापनेचं वर्ष. फेब्रुवारीत एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडशी झुंजून २-१ ने हरले, आणि दोनच दिवसांत कॉइल गेला. टोनी मोब्रे आला. शांत, जरासा खिन्न दिसणारा माणूस. संघ शेवटून दुसरा होता. उरलेल्या १५ सामन्यांत मोब्रेचा संघ फक्त तीन हरला. बरोबऱ्या मात्र भरपूर. बरोबरी म्हणजे एक गुण, आणि एकेका गुणाने माणूस बुडत नाही, तरंगतही नाही.

२९ एप्रिलला ॲस्टन व्हिला आले, घरचा शेवटचा सामना. स्टेशनवर उतरून मी टॅक्सी केली. चालक साठीचा, भरुचकडचा. ब्लॅकबर्नमध्ये भरुच-सुरतकडचे पुष्कळ लोक आहेत, साठ-सत्तरच्या दशकात गिरण्यांत कामाला आलेल्यांची घरं. मी हिंदीत बोलले म्हणून खुलला. कहां से? पुणे से. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. “पूना? अरे बहन, तुम्हारे पूनावालोंने तो हमारी वाट लगा दी.” मग बोल्टन रोडभर तो मला मोब्रेने डावीकडे कोणाला खेळवावं ते सांगत होता. ‘हमारी’ म्हणाला तो. भरुच सोडून चाळीस वर्षं झालेला माणूस, आणि माझ्याशी गुजरातचं एक अक्षर बोलला नाही.

आत माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. निळा-पांढरा मफलर, धुऊन धुऊन पांढरा भाग पिवळट झालेला. मध्यंतरात त्यांनी चहाचा कागदी कप गुडघ्यांत धरून मला विचारलं, कुठून आलात? भारतातून. भारतात कुठून? क्षणभर वाटलं, मुंबई सांगून टाकावं. पण नाही सांगवलं. पुणं म्हटल्यावर ते हसले. “पुण्याच्या का तुम्ही? म्हणजे आमच्या राजधानीहून आलात.” मला वाटलं, आता ‘विकायला सांगा त्यांना’ हे ऐकावं लागणार, मैदानाबाहेर तसे फलक दिसले होतेच. ते म्हणाले, “परत जाल तेव्हा त्यांना सांगा, एकदा इकडे येऊन बसा. भाषण नको, काही नको. एक सामना बघा.” सुरुवातीचा काळ सोडला तर मालक ईवुडला क्वचितच दिसले होते. वॉकर, ते म्हणाले, गोल झाला की लहान मुलासारखा उठायचा.

सामना सुटल्यावर मी त्यांना १८-७५ बद्दल विचारलं. ते जरा ओशाळले. “अठराव्या मिनिटाला आलो बरोबर. पण पंच्याहत्तराला उठणार कसं? सामना हातात होता.”

त्यांचे वडील विणकर. तिथल्या बहुतेक जुन्या घरांची हीच गोष्ट. स्पिनिंग जेनी या सूत कातायच्या यंत्राचा जनक जेम्स हारग्रीव्ह्ज याच परिसरातला, आणि ब्लॅकबर्नच्या मागांवर एके काळी मुख्यतः काय विणलं जाई, तर भारतात विकायची धोतरं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावरचं काठाचं धोतर बहुधा इकडूनच बोटीने आलेलं. १९१२ आणि १९१४ मध्ये रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले, तो या कापडाच्या भरभराटीचा काळ. मग स्वदेशी, बहिष्कार, आमच्या मुंबई-सोलापूरच्या गिरण्या, आणि मंदी. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी डार्वेनला, म्हणजे ईवुडपासून पाच-सहा किलोमीटरवर, बेकार गिरणी कामगारांना भेटायला गेले, आणि ज्यांचा रोजगार त्यांच्या चळवळीने बुडाला त्याच बायकांनी त्यांना घोळका करून टाळ्या दिल्या. तो फोटो प्रसिद्ध आहे. गांधीजी तिथे गेले होते, हे मला त्या म्हाताऱ्यांची गोष्ट ऐकताना फार आठवत राहिलं.

हे मी पुण्यात सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतं, “मग काय, फिटले पांग! त्यांनी आपले विणकर बुडवले, आपण त्यांचा क्लब बुडवला.” टाळी मिळवायला वाक्य बरं आहे. पण ज्यांनी आपले विणकर बुडवले ते गिरणीमालक आणि कंपनी सरकार. धोतरं विणणारा बारा तास उभा राहून बहिरा होत असे. हिशेब चुकता करायचा तर निदान माणूस तरी बरोबर धरावा.

त्या दिवशी डॅनी ग्रॅहमने गोल केला आणि ब्लॅकबर्न १-० ने जिंकलं. शेवटची पाच मिनिटं माझ्या शेजाऱ्यांनी मैदानाकडे बघितलंच नाही. रिव्हरसाइड स्टँडच्या मागे डार्वेन नदी वाहते, तिकडे बघत होते. शिट्टी वाजल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला, जणू गोल मी केला होता.

आता शेवटच्या दिवसाचं गणित. बर्मिंगहॅम ५० गुण, नॉटिंगहॅम फॉरेस्ट ४८, ब्लॅकबर्न ४८. तिघांपैकी एक जाणार. फॉरेस्टचा गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, एका गोलाने बरा. रविवार, ७ मे २०१७. प्रीमियर लीगमधून पडले त्याला बरोबर पाच वर्षं. तारीखसुद्धा बदलायची तसदी नशिबाने घेतली नाही.

सामना लंडनला, ब्रेंटफर्डशी. मला तिकीट मिळालं नाही, घरीच फोनवर तिन्ही सामने उघडून बसले होते. वर व्हॉट्सॲपवर घरच्या ग्रुपचे मेसेज धडाधड येत होते, कारण आदल्या संध्याकाळी हैदराबादेत जयदेव उनाडकटने शेवटच्या षटकात हॅटट्रिक घेऊन रायझिंग पुणे सुपरजायंटला जिंकून दिलं होतं. मामा उनाडकटचे व्हिडिओ टाकत होता, मी त्याला विचारलं, मामा, ब्लॅकबर्न बघतोयस का? त्याने हसण्याचे इमोजी टाकले.

पहिल्या पाव तासात चार्ली मल्ग्रू आणि डॅनी गथ्री यांचे दोन गोल. ब्लॅकबर्न २-० ने पुढे, फॉरेस्ट ०-०. म्हणजे त्या घटकेला ब्लॅकबर्न वाचलेलं होतं, फॉरेस्ट बुडालेलं. असा जवळजवळ अर्धा तास गेला. हंगामभर जे साधलं नाही ते अर्धा तास होतं. मग मध्यंतराच्या जरा आधी फॉरेस्टला पेनल्टी मिळाली. गोल. पुढे आणखी दोन. तिकडे बर्मिंगहॅम ब्रिस्टलला १-० ने पुढे. ब्लॅकबर्न ३-१ ने जिंकलं. फॉरेस्ट ३-० ने जिंकलं. बर्मिंगहॅमही जिंकलं. तिघेही जिंकल्यामुळे तक्ता सकाळी होता तसाच राहिला. ब्लॅकबर्न ५१ गुण, फॉरेस्ट ५१ गुण. गोलफरक उणे बारा आणि उणे दहा. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची इंग्लंडमधली ती पहिली वेळ.

दोन गोल. ४६ सामन्यांत दोन गोल. मी कार्डिफ आठवत बसले. डफीचे ते दोन. हा विचार निरर्थक आहे हे मला कळतं, इतक्या सामन्यांत कुठलेही दोन गोल उचलून हेच ते म्हणता येतं. नॉर्विचचे चार आहेतच. पण त्या गावात त्या रात्री प्रत्येकाने आपापले दोन गोल निवडले असणार, याची मला खात्री आहे.

पंधरवड्याने, २१ मेला, पुण्याचा सुपरजायंट आयपीएलचा अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने हरला. एका धावेने! हळहळ झाली, दोन दिवस ‘शेवटच्या चेंडूवर तीन का नाही पळाले’ हे चाललं. आणि मग तो संघच संपला. मुळात दोन वर्षांसाठीच होता. त्याच्या आधीचे पुणे वॉरियर्स तीन हंगामांत गेले होते. बालेवाडीत रोव्हर्सशी खेळलेला पुणे एफसी तोवर बंद पडला होता, आयएसएलमधला एफसी पुणे सिटीही पुढे दोन वर्षांत बंद झाला. यातल्या एकासाठीही पुण्यात कोणी रस्त्यावर उतरल्याचं मला आठवत नाही. संघ आला, जर्सी घेतली, संघ गेला, जर्सी पोतेऱ्याला. मामाला मी विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? म्हणाला, “वाटायचं काय त्यात, आपला थोडाच होता.”

बरोबरच होतं त्याचं. पण तिकडे माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यांना हे वाक्य म्हणण्याची सोयच नव्हती. कागदोपत्री त्यांचा क्लबशी संबंध सीझन तिकिटापुरता. कागदोपत्री क्लब आमच्या पुण्याचा. आणि त्या मे महिन्यात ज्याला ‘आपला’ म्हणून रडावं असं काही पुण्याकडे नव्हतंच. मला तेव्हा त्या लोकांची कीव वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर थोडा हेवा वाटला.

मोब्रे राहिला. तिसऱ्या श्रेणीत जाऊनही तो सोडून गेला नाही, आणि मालकांनीही त्याला काढलं नाही. क्लब घेतल्यापासूनच्या सात वर्षांतला त्यांचा हा बहुधा सगळ्यात शहाणा निर्णय. जिलिंगहॅमहून ब्रॅडली डॅक नावाचा एक भन्नाट पोरगा आला, आणि तो हंगाम ९६ गुणांवर संपवून रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत परतले. पण ते ऑगस्टमध्ये कोणाला ठाऊक? ऑगस्टमध्ये पहिला सामना साउथएंडला होता, ब्लॅकबर्नपासून चारशे किलोमीटर, पार समुद्रकाठी. हरले, २-१. दुसरा ईवुडवर डॉनकास्टरशी. तोही हरले, ३-१. मोब्रेला हाकला म्हणणारे त्या संध्याकाळी बोल्टन रोडवर पुष्कळ भेटले असते.